उकळून आलेला गोळा

एकदा एक सुगरण होती. आता सुगरण कोण म्हणवून घेत नाही? ज्या घरात जावे तिथे एक सुगरण असतेच, आणि ती आपल्याला दुसरी वाटी खायला लावतेच. पण या हेमलताबाई तशा नव्हेत. समुद्रकाठच्या त्यांच्या लहानशा गावात कार्य निघाले की लोक आधी हेमलताबाईंना सवड आहे का ते विचारत, मग भटजींकडे जात. तांदळाच्या उकडीवर त्यांची सत्ता होती. एकवीस कळ्यांचा मोदक त्या गप्पा मारता मारता मिटत, आणि गप्पांतही खंड पडत नसे.

त्यांचा एकुलता एक मुलगा देवदत्त मालवाहू जहाजावर अधिकारी होता. त्याने फिलिपिन्सच्या मुलीशी लग्न केले. मुलीचे नाव मारिसेल. हेमलताबाईंचे यजमान जाऊन नऊ वर्षे झाली होती. घरात माणूस येते आहे म्हणून हेमलताबाईंना आनंदच झाला. देवदत्त तिला घरी घेऊन आला, वीस दिवस राहिला आणि आठ महिन्यांसाठी जहाजावर निघून गेला. मागे राहिल्या सासू आणि सून.

पहिल्या आठवड्यात हेमलताबाईंनी उत्साहाच्या भरात सुनेला सगळेच शिकवायला घेतले. नऊवारी नेसणे, देवपूजा, मासे साफ करणे, भावकीतल्या चौतीस जणांची नावे आणि नाती. पोर मान डोलावत राहिली. देवदत्तने तिला कामापुरते मराठी शिकवले होते. पण एकदा तिने आत्याबाईंना, म्हणजे हेमलताबाईंच्या नणंदेला, "तू बस" म्हटले आणि आत्याबाई पदर तोंडाला लावून हसल्या. त्या दिवसापासून तिचे तोंड जे मिटले ते मिटलेच. मग हेमलताबाई घाबरल्या. त्यांनी एकदम सगळे बंद केले. "तू काही करू नकोस हो, बस निवांत," असे म्हणून तिला खोलीत ताट नेऊन देऊ लागल्या. पोर अजूनच सुकली. एका दुपारी ती फोनवर आपल्या आईशी बोलताना रडत होती. भाषा कळत नव्हती, पण रडणे कळायला भाषा कशाला लागते?

त्याच संध्याकाळी देवदत्तचा फोन आला. "आई, ती म्हणते, मी थोडे दिवस माहेरी जाऊन येते." मग हळूच म्हणाला, "आई, गेली तर परत येईलसं मला वाटत नाही."

हेमलताबाईंनी एवढेच विचारले, "तिला खायला काय आवडतं रे?"

तेव्हा कळले की तिकडे कारिओका नावाचा एक पदार्थ करतात. चिकट तांदळाचे पीठ, ओला नारळ, नारळाचे दूध. त्याचे गोळे तळायचे, गुळाच्या पाकात घोळायचे आणि बांबूच्या काडीला ओवून खायचे. मारिसेलची आई दर रविवारी घरी करते.

"तांदूळ, नारळ आणि गूळ!" हेमलताबाई म्हणाल्या. "अरे, मग ते आमचंच की! त्यात काय मोठंसं?"

पीठ मुंबईहून मागवले. माघातली गणेश जयंती आठ दिवसांवर होती. त्या दिवशी भावकीतल्या सगळ्या बायका जमणार, तेव्हा सुनेपुढे कारिओका ठेवायचा आणि तिला हसवायचे, असा बेत ठरला. मारिसेल दुपारी किनाऱ्यावर फिरायला जाई. ती फाटकाबाहेर पडली की हेमलताबाई स्वयंपाकघरात शिरत.

पहिल्या दिवशी त्यांनी सवयीने उकड काढली. उकळत्या पाण्यात सगळे पीठ घातले, झाकण ठेवले, वाफ आणली. झाकण काढून पाहतात तो आत खळ! पोस्टर चिकटवायला उपयोगी पडेल अशी. बोटांना लागली ती सुटेना, तेलात सोडली ती कढईच्या बुडाला जाऊन बसली. आयुष्यभर ज्या उकडीने मान दिला तिनेच अब्रू घेतली.

"असं काय?" त्या पिठाला म्हणाल्या. "थांब, बघते तुला."

दुसऱ्या दिवशी त्यांनी अनारशासारखे कच्चेच पीठ मळले. गोळे वळताना भेगा पडत होत्या. त्या पाण्याच्या हाताने बुजवल्या. दिसायला गोळे सुरेख. कडकडीत तेलात सोडले आणि क्षणभराने पहिला गोळा फटाक्यासारखा फुटला. मागोमाग दुसरा, तिसरा. तेल छताला लागले, मनगटाला लागले. हेमलताबाई मनगट नळाखाली धरून उभ्या राहिल्या आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आले. भाजल्याचे ते नव्हते.

गावात एकच माणूस असा होता की ज्याने तो पदार्थ पाहिला असेल. तात्या. बत्तीस वर्षे जहाजावर आचारी होते. फिलिपिनो खलाशांबरोबर राहिलेले, खाल्लेले, भांडलेले. आता वय बहात्तर, कमी बोलणारे. परसाला परस लागून त्यांचे घर. हेमलताबाई पिठाचा डबा घेऊन तडक तिथे गेल्या आणि घडले ते सगळे सांगितले, पिठाचेही आणि पोरीचेही.

तात्यांनी ऐकून घेतले. मग म्हणाले, "पहिल्यांदा सगळं उकळलंस?"

"हो."

"आणि मग सगळं कच्चं ठेवलंस?"

"हो ना! मग तिसरं असतं तरी काय?"

तात्या उठले. परातीत पीठ, किसलेला नारळ आणि नारळाचे दूध घेऊन त्यांनी गोळा मळला. हेमलताबाईंना म्हणाले, "दाब." त्यांनी अंगठ्याने दाबला, कडेने भेगा पडल्या. "आता बघ," म्हणून तात्यांनी त्यातला लिंबाएवढा तुकडा तोडला आणि चुलीवरच्या उकळत्या पाण्यात टाकला. तुकडा बुडाला. थोड्या वेळाने वर येऊन तरंगू लागला. तात्यांनी तो झाऱ्याने काढला आणि तसाच वाफाळता, गुळगुळीत, त्या कच्च्या पिठात आणून टाकला. लागले मळायला.

"अहो तात्या, काय करताय हे?" हेमलताबाई ओरडल्याच. "शिजलेलं कच्च्यात? नासवलंत की पीठ!"

तात्या मळत राहिले. तळहात लाल झाले. आधी ते प्रकरण नुसते लिबलिबीत दिसत होते, पण हळूहळू शिजलेले आणि कच्चे यांतला भेद दिसेनासा झाला. पीठ लोण्यासारखे मऊ झाले. पुन्हा म्हणाले, "दाब." हेमलताबाईंनी दाबले. एकही भेग पडली नाही. त्यांनी आणखी जोरात दाबले, वळले, ओढले. पीठ तुटेना. गोळे कोमट तेलात गेले, मंद आचेवर सावकाश फुगले, सोनेरी झाले, आणि एकही फुटला नाही.

हेमलताबाईंनी हात जोडले. "हे मला आधी कोणी सांगितलं असतं तर!"

"सांगितलं असतं तरी तू ऐकलं नसतंस. तू सुगरण." तात्या हसले. मग पाटावर टेकून त्यांनी विचारले, "हेमा, एक सांग गो. तू घाटावरून लग्न होऊन आलीस, त्या वर्षीच्या गणपतीत आमच्या आईनं कुंपणावरून किती मोदक दिले होते तुला?"

हेमलताबाईंचा चेहरा उतरला. छत्तीस वर्षांत हा विषय कोणी काढला नव्हता. भाकरीच्या मुलखातून आलेल्या त्या मुलीला उकड म्हणजे काय ते ठाऊक नव्हते. सगळे मोदक फुटले होते. ती परसात विहिरीआड रडत बसली असताना तात्यांच्या आईने, गोदाक्काने, कुंपणावरून आपले मोदक दिले, आणि सासरी तिच्या नावाचा डंका वाजला. ते मोदक तिचे नव्हतेच.

"एकवीस," त्या पुटपुटल्या. "तुम्हाला ठाऊक होतं?"

"मी रजेवर घरी होतो. टोपली मीच उचलून आणली." तात्यांचा आवाज मऊ झाला. "ऐक. कोणालाही सगळंच्या सगळं उकळत्या पाण्यात लोटलं तर त्याचा आकार राहत नाही. नुसतं कच्चं सोडून दिलं तर ते ताप लागताच फुटतं. पिठाला पीठच सांभाळतं. त्यातलाच एक गोळा आधी उकळून आलेला असावा लागतो. पण उकळून आला म्हणून तो वेगळ्या वाटीत मिरवत बसला, तर त्याच्या उकळण्याचा कोणाला काय उपयोग? त्यानं कच्च्यात परत उतरावं, मळून घ्यावं, दिसेनासं व्हावं. तू उकळून आलेली आहेस, हेमा. त्या पोरीनं तुला फक्त वाटीतली पाहिली आहे."

हेमलताबाई डबा उचलून घरी आल्या. ऐकायला गोड होते सगळे. पण छत्तीस वर्षांचे नाव असे उंबऱ्याबाहेर ठेवायचे म्हणजे काय, हे ज्याचे त्यालाच कळते.

गणेश जयंतीचा दिवस उजाडला. देवाचा नैवेद्य हेमलताबाईंनी पहाटेच करून ठेवला होता. दुपारी स्वयंपाकघर बायकांनी भरून गेले. मारिसेल कोपऱ्यात साडी सावरत उभी. तिची बॅग भरून खोलीत ठेवलेली होती; परवाचे तिकीट होते. आत्याबाई पाटावर ऐसपैस बसल्या आणि म्हणाल्या, "वहिनी, आता सूनबाईंच्या हातचा एक मोदक होऊ दे. आम्हीही बघू!"

कोणी थांबवायच्या आत पोरीच्या हातात उकडीची पारी आली. एक कळी, दुसरी कळी, तिसरीला पारी फाटली आणि सारण तिच्या मांडीवर सांडले. बायकांत खसखस पिकली. आत्याबाई म्हणाल्या, "असू दे, असू दे. सगळ्यांना थोडंच वहिनींसारखं जमतं! पहिल्याच वर्षी एकवीस मोदक केले होते त्यांनी, एकही फुटला नव्हता."

मारिसेलने मान खाली घातली. हेमलताबाईंनी ते पाहिले. ही विहिरीआडची हेमाच होती की! त्या पुढे झाल्या, सुनेशेजारी जमिनीवर मांडी घालून बसल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलल्या.

"वन्सं, ते मोदक माझे नव्हते."

बायकांच्या माना वळल्या.

"माझे सगळे फुटले होते. एकूण एक. मी विहिरीमागे बसून रडत होते. ते मोदक गोदाक्काचे. छत्तीस वर्षं तुम्ही ज्यांचं कौतुक करताय ना, ते तिचे." मग त्यांनी तो फाटका मोदक उचलला, सुनेला दाखवला, स्वतःच्या छातीवर बोट ठेवले आणि साध्या शब्दांत म्हणाल्या, "माझा पण. असाच. मी पण रडले."

मारिसेलने तो मोदक त्यांच्या हातातून घेतला, त्याचे दोन तुकडे केले, एक त्यांच्या तोंडात घातला आणि एक स्वतः खाल्ला. आत्याबाईंचा आ वासलेलाच होता.

हेमलताबाईंनी तात्यांच्या रीतीने मळलेल्या पिठाची झाकलेली परात पुढे ओढली. पोरीने वाकून वास घेतला, पीठ बोटाने दाबले आणि तिचा चेहरा असा उजळला की बघणाऱ्या बायकाही नकळत हसल्या. "कारिओका!" तिने साडीचा पदर खोचला, तो कसा खोचायचा ते तिला शिकवावे लागले नाही. भराभर गोळे वळले जाऊ लागले, एकासारखा एक. तिने गूळ आणि नारळाचे दूध एकत्र आटवायला ठेवले. बायका पुढे सरकल्या. कोणी काड्या तासू लागली, कोणी पाक ढवळू लागली, आणि "अगो, कसे फुगतायत बघ!" असा गलका उठला. पहिली काडी देवापुढे गेली, दुसरी आत्याबाईंकडे. आत्याबाईंनी एक गोळा चावला, डोळे मिटले आणि रिकामी काडी पुन्हा पुढे केली.

"हसायला काय झालं?" त्या सगळ्यांवर डाफरल्या. "मला चव नीट कळली नाही."

दुसरा घाणा कढईत पडला. आता सुनेचा जयघोष करायचा तेवढाच बाकी राहिला होता. हेमलताबाईंना वाटले, बायका वाट बघताहेत, जरा घाई करावी. म्हणून त्यांनी हळूच हात लांबवून गॅस मोठा केला. एवढ्यात त्या मुक्या सुनेचा आवाज खणखणीत उमटला.

"आई, गॅस कमी! फुटेल!"

पुन्हा सगळ्या माना वळल्या. गावातल्या पहिल्या सुगरणीला तिच्याच स्वयंपाकघरात, भर भावकीत, दीड-दोन महिन्यांच्या सुनेने दटावले होते. मारिसेलने जीभ चावली. हेमलताबाई इतक्या मोठ्याने हसल्या की डोळ्यांतून पाणी आले, आणि तशाच हसत, भरल्या डोळ्यांनी त्यांनी गॅस कमी केला.

परवाचे तिकीट तसेच राहिले. ते रद्द करायचे कोणाच्या ध्यानातही आले नाही.