म्हशीनं पास केलेला तलाव

माझी शाळा लहानपणीच सुटली, म्हणून लिहिण्यात चुका असतील. शब्दही साधेच आहेत. तेवढं सांभाळून घ्या.

एका गावात एक भोळा राखणदार होता. नाव सटवा. गावची विहीर आटलेली, त्यामुळे त्याचं लग्न अडलं होतं. मुलीचा बाप म्हणाला होता, "विहिरीला पाणी दिसू दे, मग सुपारी फोडू."

सरकारनं पाझर तलाव द्यायचं ठरवलं. जिथं पाणी मुरतं तिथं तलाव, म्हणजे खालच्या विहिरीला पाणी. सरपंचांनी आपली जमीन सोडून माळ दाखवला. वर वीतभर माती, खाली काळा कातळ.

पाणी किती मुरतं ते मोजायला शहरातून बाई आल्या. यंत्राच्या राखणीला सटवा. त्यांचं यंत्र घरी जुळवलेलं, स्वस्तातलं. पत्र्याचं कडं, निळा ड्रम आणि एक डबी. कड्यातलं पाणी मुरलं की ड्रममधून आपोआप तेवढंच येई. किती आलं ते डबी मोजी.

बाई म्हणाल्या, "सटवा, हात लावायचा नाही. नुसतं बघायचं."

शेळी आली. डबीची वायर खाल्ली. सटवानं बघितलं.

"अरे येड्या, चार पायांवर कोणी पाण्याशी आलं की काठी घालायची!"

"आता कळलं, बाई."

दुसऱ्या दिवशी बाईंनी वायर जोडली आणि मोठे साहेब आले. यंत्र बघायला हात-गुडघे टेकून कड्यात डोकावले. सटवानं पाय मोजले. चार. घातली काठी.

साहेब कळवळले. बाई ओरडल्या, "अरे, आलेल्याला मान द्यावा! या, बसा म्हणावं, पोटभर पाणी पाजावं!"

"आता कळलं, बाई."

तिसऱ्या दिवशी सरपंचांची म्हैस आली.

"या, बसा. पाणी घ्या," सटवा म्हणाला.

म्हैस बसली नाही, पाणी मात्र घेतलं. कडं रिकामं झालं, आपोआप भरलं. तिनं परत घेतलं. ड्रम संपेपर्यंत पाहुणचार चालला.

संध्याकाळी बाईंनी डबी बघितली. "अगंबाई! काय मुरतंय पाणी!"

"बाई, ती म्हैस..."

"विचारल्याशिवाय बोलायचं नाही!"

"आता कळलं, बाई."

एक म्हातारा म्हणाला, "अहो, तिथं पहार मारली तर ठिणगी उडते." सरपंच म्हणाले, "यंत्र काय खोटं बोलतंय?"

तलाव झाला. पावसात काठोकाठ भरला. नारळ फुटले, हार पडले. विहीर मात्र कोरडीच.

साहेब पुन्हा आले. या वेळी उभ्यानंच बघितलं. "काय रे, तू राखणीला होतास ना? पाणी मुरत का नाही?"

आता कुणीतरी विचारलं होतं. सटवा म्हणाला, "मुरवणारी आलीच नाही, साहेब."

"कोण?"

"सरपंचांची म्हैस."

साहेबांनी बाईंकडे बघितलं, बाईंनी सरपंचांकडे, सरपंचांनी आभाळाकडे.

दुसऱ्या दिवशी सकाळी सटवानं गावातल्या झाडून सगळ्या म्हशी तलावावर नेल्या. "या, बसा. पाणी घ्या." दुपारपर्यंत पाणी बोटभर उतरलं. साहेबांनी कागदावर लिहिलं, पाझर सुरू झाला.

आणि सटवा धुतलेला सदरा घालून विहिरीत डोकावत बसला.