लेकीचा तेरडा

फार वर्षांपूर्वी डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. तिथे भादव्यात गौर बसवायची ती रानातल्या तेरड्याची. बायका डोंगरावरून फुललेली रोपं मुळासकट उपटून आणत. ज्या घरची गौर मोठी, त्या घरचा मान मोठा. या चढाओढीत डोंगर कधी बोडका झाला, हे कुणाला कळलंच नाही.

त्या गावात एका बाईची लेक तापाने गेली. जाण्याआधी तिने डोंगरावरच्या शेवटच्या तेरड्याचं मूठभर बी आणलं होतं. आईने ते डबीत घालून देव्हाऱ्यात ठेवलं. रोज ती डबी कपाळाला लावी, उघडत मात्र नसे. असे दोन-तीन पावसाळे गेले.

शेजारची म्हातारी म्हणाली, "अगं, पेर की ते."

"तेरड्याचा रंग तीन दिवस, मावशी. फुलेल आणि वाळून जाईल. लेक एकदा गेली, आता पुन्हा कशी घालवू?"

"डबीतही ते मरतंच आहे, बाई. तुला दिसत नाही एवढंच."

आईने भीत भीत डबी उघडली. बहुतेक बियांचा भुगा झाला होता. ती ओक्साबोक्शी रडली. मग उरलेलं बी घेऊन डोंगराच्या मुरमाड उताराकडे निघाली.

"शेणखत घालू नकोस हो," म्हातारीने बजावलं. "लाड केले की हे झाड नुसतं पानांनी माजतं."

एकच रोप तगलं. ऐन गौरीच्या सणाला ते गुलाबी फुलांनी भरून गेलं. हीच माझी लेक, हिलाच घरी न्यावं, असं आईला वाटलं. तिने बुंध्याला हात घातला. माती हलली. हे उपटलं तर पुढे काहीच उरणार नव्हतं. तिने हात काढून घेतला, नदीवरून पाच खडे आणले आणि त्यांचीच गौर मांडली. फुललेला तेरडा सोडून खडे मांडले म्हणून गावाने नावं ठेवली.

फुलं झडली, शेंगा धरल्या. एका दुपारी तिच्यादेखत त्या तडकल्या आणि बी चहूकडे उडालं. रोप वाळून कोलमडलं. आई बराच वेळ त्याच्यापाशी बसून राहिली. दुःख होतंच, पण आता तिला भीती वाटत नव्हती.

पुढे काही वर्षांत तो उतार गुलाबी झाला. आईही गेली. गावच्या मुली अजून तिथूनच गौर आणतात, पण बरीच रोपं तशीच उभी ठेवतात. ती कुणासाठी, असं विचारलं तर म्हणतात, "त्या लेकीची आहेत ती."

तात्पर्य : मुठीत धरलेलं संपतं, मातीला दिलेलं उरतं.