सात हात पत्र, एक गाठ

एका राज्यात अशी रीत होती, की राजाने पत्र ऐकायचं नाही, पत्राची गाठ ऐकायची. दरबारात पत्र आलं की वाचिकेने ते मनात वाचावं, रेशमी दोऱ्याला गाठ मारावी आणि पत्राचा मुद्दा एका वाक्यात सांगावा. दुसरं वाक्य बोलायची मुभा नाही, आणि मारलेली गाठ सोडेल तिचा मान गेला. राजा नरेंद्रपालाला कामं फार, बसून ऐकायला वेळ कुठला!

वाचिकेचं नाव चंपावती. तिची गाठ कधी चुकत नाही असा लौकिक होता, आणि तो सगळ्यांत जास्त तिलाच ठाऊक होता.

एकदा डोंगरापलीकडच्या धूमकेश जादूगाराचं पत्र आलं, चांगलं सात हात लांब. आधी राजाची स्तुती, मग भेट म्हणून पाठवलेल्या पाचूच्या भांड्याचं वर्णन, मग पुन्हा भांडं, शेवटी नमस्कार. मध्ये एक ओळ होती, की महाराजांनी नदीला बांध घातल्यापासून माझ्या पाखरांचं तळं आटत चाललं आहे. चंपावतीची नजर पाचूवरच खिळली. तिने गाठ मारली आणि सांगितलं, धूमकेश पाचूचं भांडं पाठवतो आहे. राजा खूश झाला. भांडं फडताळात गेलं, तळं मात्र आटलं.

महिन्याने धूमकेश स्वतः आला. तो रागावलेला दिसत नव्हता, फार दमलेला दिसत होता. चंपावतीच्या अंगणात तिची आठ वर्षांची लेक मंजुळा खेळत होती. त्याने तिच्यावर तळ्यातली मूठभर कोरडी माती टाकली आणि मंजुळेची साळुंकी झाली.

"रोज सूर्य मावळला की ही काही शब्द विसरेल," तो चंपावतीला म्हणाला. "शेवटचा शब्द गेला की ती कायमची पाखरू. तीन बोलणी ऐक, प्रत्येकाचा मुद्दा एका वाक्यात सांग. एकदा जरी चुकलीस, तरी पोर गेली."

ज्या पोरीची बडबड ऐकून चंपावतीचं डोकं उठायचं, तिचा एकेक शब्द आता तिला हवा होता. साळुंकीला खांद्यावर घेऊन ती निघाली.

पहिलं बोलणं आटलेल्या तळ्याकाठच्या टिटवीचं. तिने कोल्ह्याचं कौतुक मांडलं. त्याची शेपटी किती झुबकेदार, आवाज किती गोड. सोमवारी त्याने बोरं आणली, घरट्यापाशी ठेवली. मंगळवारी गाणं म्हटलं, घरट्यापाशी बसून. बुधवारी, पिल्लं कधी निघणार ते आपुलकीने विचारलं. कोल्हा मोठा प्रेमळ, हे चंपावतीच्या ओठांवर आलंच होतं. तेवढ्यात साळुंकीने तिच्या कानाला चोच मारली. चंपावती थांबली. बोरं वगळली तर काय उरतं? गाणं वगळलं तर? सगळं वगळलं, तरी कोल्हा घरट्यापाशीच बसलेला होता.

"कोल्ह्याला तुझी अंडी खायची आहेत," ती म्हणाली. टिटवीने घरट्याकडे पाहिलं आणि अंडी हलवायला घेतली. त्या संध्याकाळी मंजुळा चंद्र, पेरू आणि फुगडी हे शब्द विसरली.

दुसरं बोलणं पडक्या विहिरीचं. ती म्हणाली, कठड्यावर अजून दोरांचे वळ आहेत, पूर्वी पहाटेपासून बायका इथे भांडायच्या, परवा शेवटचा बेडूकही गेला, काल एक पान पडलं त्याच्याशी दिवसभर बोलले. मुद्दा वळांचा नव्हता, बेडकाचाही नव्हता. विहिरीने तो एकाही वाक्यात सांगितला नव्हता, पण सगळी वाक्यं एकाच दिशेला बोट दाखवत होती.

"तू एकटी पडली आहेस," चंपावती म्हणाली. विहिरीने आतून हळूच हुंकार दिला.

वाटेत कितीतरी सूर्य मावळले होते, आणि एव्हाना साळुंकीकडे एकच शब्द उरला होता. ती तो पुन्हा पुन्हा म्हणत होती, आई, आई.

ती परतल्यावर तिसरं बोलणं म्हणून धूमकेशने दरबारातलं तेच सात हातांचं पत्र पुढे केलं आणि याचा मुद्दा दरबारात सांगायला सांगितलं.

चंपावती दरबारात उभी राहिली. या खेपेस तिने ओळ न् ओळ वाचली. स्तुती वगळली, पत्र उभं राहिलं. पाचू वगळला, तरी उभं राहिलं. पाण्याची ओळ वगळली, तेव्हा एवढं पत्र लिहिलं कशासाठी तेच कळेना. उन्हं उतरली होती. प्रधानाने बजावलं, की जुनी गाठ सोडलीस तर वाचिकेचा मान जाईल. तिने गाठ दातांनी सोडवली. क्षमा मागावी, मुलीसाठी पदर पसरावा, असं तिला फार वाटलं. पण वाक्य एकच होतं.

"महाराज, तुमच्या बांधामुळे धूमकेशची पाखरं तहानेने मरत आहेत."

नरेंद्रपालाने जन्मात पहिल्यांदा आख्खं पत्र वाचून घेतलं. ऐकून झाल्यावर त्याने बांध फोडायची आज्ञा दिली. साळुंकी खांद्यावरून खाली उतरली ती मंजुळा होऊनच. पुढे तळं भरलं, पाखरं परतली, आणि त्या राज्यात आधी पत्र आणि मग गाठ अशी रीत पडली.

मान गेलेली चंपावती लेकीचा हात धरून घरी निघाली. मंजुळेला सगळे शब्द परत मिळाले होते आणि ती ते एका दमात खर्चत होती. बोरं कशी आंबट असतात, टिटवीची अंडी चार होती, विहिरीजवळ पेरूचं झाड आहे, धूमकेशकाका जेवतात काय. पोरीला भूक लागली आहे, हे चंपावतीने दुसऱ्याच वाक्याला ओळखलं होतं. तरी तिने मध्ये तोंड घातलं नाही. घर येईपर्यंत सगळं ऐकलं, आणि मग पान वाढलं.