द्रुपदी सुईण आणि दर्याची वेणी

फार वर्षांपूर्वीची गोष्ट, आपल्या पणजोबांच्याही पणजोबांच्या आधीची. वेळशी गावच्या समुद्रात तेव्हा शंख इतके होते, की ओहोटीला पाय ठेवायला जागा नसे, असं म्हणतात. पुरुष बुड्या मारून शंख काढायचे आणि त्यावरच गावच्या चुली पेटायच्या.

या गावात द्रुपदी नावाची सुईण होती. तिच्या हातून एकही बाळ दगावलं नाही, असं म्हणतात. बाळ झालं की ती किनाऱ्यावरून दर्याची वेणी शोधून आणायची. हातभर लांब, पिवळसर, चकत्या ओवल्यासारखी. ती समुद्राच्या देवीच्या केसांतून गळते, अशी सगळ्यांची समजूत. बाळाला काही होऊ नये म्हणून द्रुपदी ती पाळण्यावर बांधायची. मग शंख भरपूर मिळावेत म्हणून लोक दारांवरही वेण्यांची तोरणं लावू लागले.

पण शंख कमीच होत गेले. आधी मोठे संपले, मग मुठीएवढे, शेवटी लोक अंगठ्याएवढेही उचलू लागले. शंख जितके कमी, तितकी तोरणं जास्त. काय म्हणावं या माणसांना! रामा तांडेल तर इतका खोल बुडायचा, की वर यायचा तेव्हा कानांतून रक्त वाहत असायचं.

त्या रामाच्या बायकोला, सुभद्राला मुलगी झाली. द्रुपदीने त्याच सकाळी किनाऱ्याला लागलेली ओली वेणी पाळण्यावर बांधली. गाठ ओढताना एक चकती फाटली आणि बाळाच्या दुपट्यावर तांदळाएवढे शंख सांडले. सुभद्रा किंचाळली. ते शंख हलत होते.

द्रुपदीने एक शंख बोटावर घेऊन पाहिला. "अगे बाय माझे, ही तर शंखांची पोरां! जिती पोरां! आणि मी ती दारादारात सुकत घातलंय!"

तिने वेणी सोडायला हात घातला, तसा रामा आडवा आला. "सोडू नको गे. माझ्या चेडवाचा काय वायट झाला तर?"

"काय होवचा ता माझा होवंदे," ती म्हणाली.

ओल्या दुपट्यात सगळं गुंडाळून ती निघाली. वाटेतल्या दारांवरची तोरणं तिने फोडून पाहिली. आत नुसती भुकटी. सांगतानाही माझ्या अंगावर काटा येतो.

ती ओहोटीच्या पाण्यात शिरली आणि लाटेने पुन्हा बाहेर टाकू नये म्हणून वेणी तळाशी दाबून बसली. भरती आली. काठावरून सगळे ओरडत होते, "परत ये गे आये!" पाणी तिच्या डोक्यावरून गेलं, तरी तिने हात काढला नाही. पुढच्या ओहोटीला तिथे एक खडक दिसला, पूर्वी कधीच नव्हता असा. त्याच्या सावलीत शंख पुन्हा वाढले, असं म्हणतात. रामाच्या मुलीला साधा तापही आला नाही.

आजही वेळशीत बाळ झालं की बाप किनाऱ्यावर जातो, लाटेने टाकलेली वेणी उचलतो आणि सुईणीच्या खडकाशी दगडाखाली ठेवून येतो. तोवर घरात बाळाला नाव ठेवत नाहीत. आणि पाळण्यावर काही बांधत नाहीत.