जोडव्याचा तुकडा

“...एवढं सगळं करून शेवटी बाई गेलीच ना? मग सांगा महाराज, मी परत दवाखान्यात जाऊ कशाला?”

भैरवपुरी महाराजांनी धोतर जरा वर घेतलं आणि उजवा पाय समोरच्या डॉक्टरपुढे केला.

घोट्याखाली बाभळीचा काटा मोडला होता, त्याला पाच दिवस झाले होते. तिथे आलेलं गळू आता पिकून तोंडावर आलं होतं.

विश्राम गोडघाटे हा खोऱ्यातल्या छोट्या दवाखान्याचा डॉक्टर. हुशार, आणि आपण हुशार आहोत हे पुरतं ठाऊक असलेला. नाकावर माशी बसू द्यायचा नाही. आज मात्र राजीनामा खिशात घालून तो टेकडी चढून मठात दीक्षा मागायला आला होता.

“मी कफनी मागतोय आणि तुम्ही गळू दाखवताय.”

“कफनी धुवून वाळत घातलीय. तोवर गळू बघ.”

चिडूनच त्याने बॅग उघडली. हात मात्र हळुवार चालले. गळू फुटलं, पू वाहून गेला, कापसाचा बोळा भरला. तो फेकायला विश्राम उठला, तेव्हा महाराजांनी त्या बोळ्याला हात जोडले.

“पुवाला नमस्कार?” विश्रामला हसू आवरेना.

“कोण आहेत रे ते?”

“पांढऱ्या पेशी. काट्याबरोबर जंतू आत शिरले, ही वर्दी मिळाली की या पहिल्या धावतात. रक्तवाहिनीच्या भिंतीतून अंग चोरून बाहेर पडतात. जंतू दिसला की गिळायचा. त्यातच मरतात बिचाऱ्या.”

“माझ्यासाठी?”

“तुमच्यासाठीच. कोट्यवधी.”

“मग मी हात जोडले तर तुझं काय गेलं?”

विश्राम बोळा हातात धरून पुन्हा खाली बसला.

“मेले ते या बोळ्यात. जगले ते कुठं गेले?”

कुणी शिकवायला लावलं की विश्राम रागसुद्धा विसरायचा. “जांघेत गाठ आलीय ना तुमच्या?”

“अवधाण आलंय. सुपारीएवढं. दुखतंय चांगलं.”

“ते दुखणं म्हणजे तिथे चाललेली गडबड. आणखी एक प्रकारची पेशी असते. ती जंतूला खाते, पण सगळा पचवत नाही. त्याचा एक तुकडा राखून ठेवते आणि तो घेऊन थेट त्या गाठीत जाते. तिथे लाखो पेशी असतात, पण या जंतूला ओळखणारी एखादीच. ही आपली एकेकीला तुकडा दाखवत राहते. तू ओळखतेस का? नाही? तू?... ओळखणारी भेटली की तिच्या हजारो होतात आणि पायाकडे निघतात. लढाई संपली तरी त्यातल्या काही मागे राहतात, वर्षानुवर्षं. तोच जंतू पुन्हा आला तर मग फारसा वेळ लागत नाही.”

“तुकडा लपवून नेत असंल ती.”

“लपवून कसं चालेल? अंगावर मिरवत नेते.”

“ज्यानं आपली माणसं मारली, त्याचा तुकडा?”

“त्याचाच. दुसऱ्या कशाचा काय उपयोग?”

बोलता बोलता विश्राम शर्टाचा खिसा चाचपत होता. बाई गेल्यापासूनच्या एकोणीस दिवसांत ती सवयच लागली होती त्याला.

“खिशात काय आहे?” महाराजांनी विचारलं.

“राजीनामा.”

“त्याच्याखाली?”

...

विश्रामने खिशात हात घातला. तळहातावर चांदीच्या जोडव्याचा अर्धा तुकडा आला.

“हौसाबाईचं,” तो म्हणाला. “भाताच्या आवणीतून उठून आली होती, तापाने फणफणलेली. मी छाती तपासली, रक्त तपासलं, लघवी तपासली. सिस्टर पाय बघायला गेल्या, तर बाईने पाय पोटाशी घेतले. ‘नवरा जित्ता हाय माजा, जोडव्याला हात लावायचा न्हाई.’ मी घाईत होतो. म्हटलं, राहू द्या सिस्टर.”

महाराजांनी त्याच्या तळहातावरचा तुकडा बोटाने उलटून पाहिला.

“तिसऱ्या दिवशी पाय सुजला तेव्हा जोडवं कापलं. खाली चिखल्या. दिवसदिवस चिखलात उभं राहून बोटांची बेचकी कुजली होती. जंतू तिथूनच रक्तात गेले होते. मग काही उरलं नाही करण्यासारखं.”

“आणि हा तुकडा?”

“नवऱ्याला द्यायला गेलो. अर्धा त्याने ठेवला. अर्धा माझ्या हातात दिला. म्हणाला, तुमच्याकडं राहू द्या डॉक्टर.”

“कुणाला दाखवलास?”

“कुणाला दाखवू?” विश्रामचा आवाज फुटला. “कागदावर लिहिलं, रक्तात जंतुसंसर्ग. खोटं नाही ते. पण गोडघाटे डॉक्टरांनी बाईची बोटं बघितली नाहीत, हे चारचौघांत सांगत फिरू?”

आणि तो रडला. मनसोक्त रडला, महाराजांचा पाय मांडीवर तसाच ठेवून. त्याला लाज वाटत होती, एवढंच खरं होतं. त्या लाजेला तो एकोणीस दिवस वैराग्य म्हणत होता.

महाराजांनी त्याला रडू दिलं. ते टेकडीखाली बघत राहिले. खाली खाचरांमध्ये बायका ओळीने वाकून भात लावत होत्या. पोटऱ्यांपर्यंत पाण्यात; पायांतली जोडवीही पाण्याखालीच.

“आवणी अजून किती दिवस चालंल रे?”

“पंधरा दिवस... वीसही.”

“हं.”

...

विश्रामने डोळे पुसले. पायाला पट्टी बांधली, गोळ्या कधी घ्यायच्या ते दोनदा सांगितलं. मग बोळा जाळायला कागद हवा म्हणून खिशातला राजीनामा काढला, त्यात तो नीट गुंडाळला आणि मठाच्या चुलीत टाकला. ज्वाळा वर आली तेव्हा आपले हात कधी जोडले गेले, हे त्याचं त्यालाही कळलं नाही.

बॅग उचलून तो पायऱ्या उतरू लागला. जोडव्याचा तुकडा त्याने मुठीत घट्ट आवळला होता.

दोरीवर कफनी कधीची वाळली होती. तिचा विषय दोघांनीही काढला नाही.

“विश्राम!” वरून हाक आली.

तो वळला.

“मुठीत नको. दिसंल असा धर.”