उंबऱ्यांची भिंत

पालवेळच्या मठात शिरलात की अंगणाच्या उत्तरेला ही भिंत दिसते. पाहुणे हिच्यापाशी हमखास थबकतात आणि बांधणाऱ्याला नावं ठेवतात. खुशाल ठेवा. एक दगड काळाकुट्ट, त्याच्या शेजारचा चुन्याने पांढरा, खालचा गुळगुळीत, वरच्या दगडावर बोटभर खोल चऱ्या. त्या कोपऱ्यातल्या दगडावर देवदूताचा एकच पंख कोरलाय, आणि तोही उलटा बसवलाय. काळा आहे तो चुलीखालचा. चऱ्या पडलेला विहिरीच्या काठावरचा, दोर घासून घासून त्या पडल्या. गुळगुळीत आहेत ते घरांचे उंबरे. ते सर्वांत जास्त, म्हणून गाव हिला उंबऱ्यांची भिंत म्हणतं. पायरीवर बसा आणि ऐका. मी हे आजीकडून ऐकलं, आणि आजी सांगताना कोणी मध्ये बोललेलं तिला खपत नसे. मलाही खपत नाही.

फार पूर्वी इथे मदर, म्हणजे ख्रिस्ती संन्यासिनी, राहायच्या. गावातल्या पोरक्या मुलींना सांभाळायच्या, भरतकाम शिकवायच्या, गाणं शिकवायच्या. पुढे लढाई आली आणि एका दिवसात सगळ्या मदर होडीत बसून निघून गेल्या. शेवटची मदर जाताना गावाला म्हणाली, म्हणे, की हे घर आता तुमचं. गावाने ते अगदी मनावर घेतलं.

कोणाचं लग्न झालं, नवं घर बांधायला काढलं, की मठाचा एक दगड आणून उंबऱ्याला बसवायचा, अशी रीत पडली. त्या दगडांत मदरांच्या प्रार्थना मुरल्यात, त्याने घराचं भलं होतं, असं लोक मानत. चोरी म्हणून कोणी दगड नेला नाही. ढोल वाजवत नेत, फुलं वाहून बसवत. मग उंबऱ्याला चालतो तर विहिरीला का नको, चुलीला का नको, असं होत गेलं. मठ कधी बांधला ते एका दगडावर लिहिलं होतं म्हणतात. तो दगड कोणाच्या घरात गेला ते मात्र कोणालाच आठवत नव्हतं.

इतकं होऊनही गावाचा जीव या अंगणातच होता. बायका लग्नाची गाणी इथे बसवायच्या. बँडवाले इथेच सराव करायचे. उपवासकाळात प्रभूच्या दुःखसहनाचा खेळ व्हायचा तोही इथेच, या भिंतीला पाठ लावून.

त्या काळी गावात बावतीस नावाचा एक बागाईतदार होता. केळी आणि पानवेली लावायचा. पण त्याचं नाव होतं ते व्हायोलिनसाठी. आजूबाजूच्या गावांत, बावतीस वाजवणार नसेल तर लग्नाची तारीख पुढे ढकलत, असं सांगतात. आजी म्हणायची, ढकलत नसत, पण धुसफुसत जरूर. त्याची बायको कोंसू लग्नाची गाणी सांगायची, म्हणजे पहिली ओळ तिची आणि मग बाकीच्या बायकांची. त्यांची एकच मुलगी, लुसू. बाप सराव करायला बसला की ती भिंतीच्या बुडाशी, सगळ्यांत खालच्या दगडाला टेकून बसायची. त्या दगडावर एक लिलीचं फूल कोरलेलं होतं. गाणं संपेपर्यंत ती त्या फुलात बोट फिरवत राहायची.

दुधाचे दात पडायच्या वयात लुसू देवीच्या साथीत गेली. दफनभूमीत गरिबांचे क्रूस लाकडाचे असायचे, दोन पावसाळ्यांत कुजून जायचे. बावतीस एका दुपारी एकटाच मठात आला आणि पहारीने तो फुलाचा दगड काढून घेऊन गेला. ढोल नाही, कोणाला सांगणं नाही. नव्या घराला मठाचा दगड द्यायचा ही गावाची रीत होती, आणि त्याच्या लेकीचं घर आता तेवढंच होतं. त्याने तो तिच्या कबरीवर उभा केला. गावाने पाहिलं आणि तो तिथेच राहू दिला.

काही वर्षांनी उपवासकाळातला खेळ चालू होता. पेत्र या शिष्याने प्रभूला ओळखत नाही असं सांगून झालं होतं, कोंबडं आरवायचं तेवढं बाकी होतं. कोंबड्याचा आवाज काढणारा घसा साफ करतोय तोच ही भिंत बसली. आडवी झाली म्हणा. माणसं पळाली, कोणाचा जीव गेला नाही, हीच कृपा. धूळ खाली आल्यावर जो तो कारण सांगू लागला. कोणी म्हणालं वारा, कोणी म्हणालं वडाची मुळं, एकाने सैतानाचं नाव घेतलं. बावतीस मात्र भिंतीच्या बुडाशी वाकून बघत होता. खाली दगडांच्या रिकाम्या जागाच जागा होत्या.

तो म्हणाला, "वारा नाही की मुळं नाहीत. आपण पाडली ही."

धर्मगुरू म्हणाले, खाणीतून नवे दगड आणू. बावतीस ऐकेना. नव्या दगडांनी नवी भिंत होईल, मठ होणार नाही, म्हणाला. आणि तिथेच, व्हायोलिनवर हात ठेवून, सगळ्या गावादेखत त्याने नवस केला. घरोघर गेलेला प्रत्येक दगड परत आणीन, हे अंगण गाण्याबजावण्याला पुन्हा उभं करीन, आणि शेवटचा दगड जागेवर बसेपर्यंत हे वाद्य हातात धरणार नाही. लोकांनी जयजयकार केला. उत्साहात केलेल्या नवसाचं असंच असतं, त्यातली खोच घरी जाताना कळते. वाटेत कोंसू दफनभूमीच्या फाटकाशी थांबून आत बघत राहिली. तेव्हा त्याच्या लक्षात आलं की आपण काय बोलून बसलो.

पण शब्द गेला होता. दुसऱ्या दिवसापासून तो दारोदार फिरू लागला. उंबरा काढायचा म्हणजे काय, याचा विचार करा. घराचं तोंड उघडं पडतं. माझी पणजी त्याला दारातच म्हणाली, "बावतीसदादा, या उंबऱ्यावरून मी नवरी होऊन आत आले. आता लाकडाच्या फळीवरून सुना आणू काय?" तो म्हणाला, "बाय, तुझ्या सुनेसाठी वाजवायचं तर मला दगड पाहिजे." पणजीने दिवसभर कोणाशी बोलणं टाकलं आणि संध्याकाळी स्वतःच पहार आणून दिली. अशी एकेक घरं फुटत गेली. खुद्द धर्मगुरूंच्या न्हाणीत मठाचा दगड निघाला, तो त्यांनी पहाटे गुपचूप आणून ठेवला. दुमिंग नावाचा एक चिवट माणूस होता. त्याच्या डुकरांच्या गोठ्यातल्या दगडावर देवदूताचा पंख दिसत होता, तरी तो आपल्या आजोबांनीच कोरलाय असं शपथेवर सांगायचा. अखेर त्याच्या आईने त्याला सगळ्यांसमोर विचारलं, आजोबांनी दुसरा पंख कुठे ठेवला? मग दिला त्याने.

त्या वर्षी लग्नं झाली, पण बावतीसच्या व्हायोलिनवाचून. वरात चालायची, ढोल वाजायचा, आणि लोक सवयीने मान वळवून त्याच्याकडे बघायचे. तो डोक्यावर चुन्याची पाटी घेऊन मठाकडे चाललेला असायचा. आजी म्हणायची, लोकांनी दगड दिले ते मठाच्या प्रेमाने थोडे आणि ते व्हायोलिन पुन्हा ऐकू यावं म्हणून जास्त.

भिंत वर चढत गेली. गवंड्याने अगदी खाली एक जागा, वर आडवा दगड टाकून, मोकळी ठेवली होती. कोणाची, ते त्याने विचारलं नाही. सगळ्यांना ठाऊक होतं. हळूहळू बाकीचे सगळे दगड बसले, चुना वाळला, अंगण सारवून झालं, आणि ती एवढी जागा राहिली. अंगणात पुन्हा गाणंबजावणं सुरू करायचं ठरलेला सणाचा दिवस जवळ आला. शेवटी विचारलं ते दुमिंगने.

"मी माझा पंख दिला, बावतीस. तुझा कधी?"

लोक त्याच्यावर संतापले. बावतीस संतापला नाही. दुमिंगला विचारायचा हक्क होता, हे त्याला सगळ्यांपेक्षा जास्त कळत होतं. त्याने दुसऱ्यांची घरं उघडी पाडली होती. तो उठला, पहार घेतली आणि दफनभूमीच्या वाटेला लागला.

तिथे कोंसू आधीच येऊन बसली होती. खुरप्याने तिने दगडाभोवतीची माती उकरून ठेवली होती, दगड हलायला लागला होता. तिचे हात कोपरापर्यंत मातीने भरले होते.

ती म्हणाली, "घेऊन जा. मला वाटलं, तुमच्याने होणार नाही. तिला दगडाचं काय हो? तिला तुमचं वाजवणं आवडायचं."

बावतीस तिच्याशेजारी बसला. तो किती वेळ बसला, काय बोलला, ते कोणाला माहीत नाही, कारण कोंसूने पुढे आयुष्यभर एवढंच सांगितलं की आम्ही दोघं खूप रडलो. मग त्याने उकरलेली माती दोन्ही हातांनी परत लोटली, दाबली, दगड पहिल्यासारखा घट्ट केला. पहार तिथेच टाकून तो मठात परत आला.

अंगणात माणसं थांबली होती. त्यांना तो म्हणाला, "माझा दगड येणार नाही. तुमचे उंबरे मी काढायला लावले, लेकीचा माझ्याने काढवला नाही. नवस मी केला, तो मी पाळीन." आणि व्हायोलिन त्याने बँडवाल्यांच्या हाती दिलं.

धर्मगुरूंनी त्याला पुष्कळ समजावलं. असा नवस सोडवता येतो, मी सोडवतो, म्हणाले. तो म्हणाला, "फादर, त्यांनी दगड दिले. मी काहीच न देता कसा वाजवू?" दुमिंग दुसऱ्या दिवशी आपल्या ओट्याचा एक चांगला घडीव दगड खांद्यावर घेऊन आला, त्या जागेत बसवायला. विचारल्याचा त्याला पश्चात्ताप झाला होता, आणि पश्चात्ताप कसा बोलून दाखवायचा हे त्याला येत नव्हतं. बावतीसने त्याला जवळ बसवलं, पाणी दिलं, आणि दगड परत न्यायला लावला. ती जागा खोटी भरायची नाही, म्हणाला.

सणाच्या दिवशी सगळं गाव अंगणात जमलं. बाहेरगावची मोठी माणसं पुढे खुर्च्यांवर होती. बँड तयार होता, पण कोणी वाद्य उचलेना. बावतीस मागे लोकांत बसला होता आणि त्याच्यादेखत सुरुवात करायला कोणाचाच हात धजेना. तेव्हा कोंसू उठली. पुढे आली, पाहुण्यांकडे पाठ करून त्या मोकळ्या जागेसमोर जमिनीवर बसली आणि एकटीने गाणं धरलं. लग्नाच्या आदल्या दिवशी नवरीला न्हाणाचं पाणी घालताना आई म्हणते ते गाणं. लुसूसाठी ते म्हणायची वेळ तिच्यावर कधी आली नव्हती. दुसऱ्या ओळीला बायका मिळाल्या, मग पुरुषही मिळाले. बावतीस मान खाली घालून ऐकत होता, आणि त्याच्या डाव्या हाताची बोटं गुडघ्यावर चालत होती. आजीच्या आईने हे डोळ्यांनी पाहिलं होतं.

गाणं संपल्यावर त्या जागेतून समुद्राचा वारा आत आला आणि बारीक सूर बराच वेळ टिकून राहिला, असंही सांगतात. मी कधी ऐकला नाही. ज्यांनी ऐकला त्यांच्याशी मी वाद घालत नाही.

बावतीस पुढे खूप जगला, पण व्हायोलिनला त्याने हात लावला नाही. मदरांच्या रिकाम्या खोल्यांत बसून तो पोरापोरींना शिकवायचा, नुसतं तोंडाने सूर सांगून. चुकलं की डोळे मिटून घ्यायचा, रागवायचा नाही. बघून बघून इतरही आले. एका खोलीत ढोल, एकीत नाटकाच्या तालमी, एकीत चित्रं काढणारे. बायकांनी गाण्यांसाठी विहिरीकडची मोठी खोली मागून घेतली ती अजून सोडलेली नाही. मदर गेल्यावर मठाला जे मुकेपण आलं होतं ते असं गेलं. आता तुम्हाला तिकडे तबला आणि इकडे भांडण ऐकू येतंय, ते भांडणही तालमीतलंच असावं.

आजही इथे कसलाही कार्यक्रम असो, पहिलं गाणं वाद्यांशिवाय होतं आणि गाणारा पाहुण्यांकडे पाठ करून त्या मोकळ्या जागेसमोर बसतो. एकदा एक बडे पाहुणे यावरून रुसून निघून गेले. आम्ही जाऊ दिलं. पलीकडून लहान मुलं त्या जागेतून डोकी घालून बघतात, त्यांना कोणी हटकत नाही. आणि गावात लग्न झालं की नवरानवरी घरात पाऊल टाकण्याआधी दफनभूमीत जातात, त्या फुलाच्या दगडावर पाणी घालतात, आपल्या हातांनी पुसून काढतात. कारण मठाचा दगड असलेलं घर आता साऱ्या पालवेळमध्ये एकच उरलंय, आणि ते लुसूचं आहे.