धुक्याच्या खोऱ्यातलं आसव

पुष्कळ पुष्कळ वर्षांपूर्वी, बरं का, एका देशात गावोगाव द्राक्षमळे होते. डोंगरावर थंडी, पठारावर रणरणतं ऊन, नदीच्या खोऱ्यात धुकं. द्राक्षांपासून लोक आसव करत आणि प्रत्येक ठिकाणच्या आसवाची चव निराळी असे.

डोंगरावर केसोबा नावाचा कसबी माणूस होता. त्याचं आसव झऱ्याच्या पाण्यासारखं स्वच्छ आणि किंचित आंबूस लागे. राजाने ते चाखलं आणि फर्मान काढलं, की साऱ्या देशात असंच आसव व्हावं. द्राक्षं केसोबाच्या पद्धतीने तोडावीत आणि त्याच्याच पद्धतीने आंबवावीत. जुने रांजण फोडावेत. जिथे हे जमणार नाही, तिथले वेल उपटावेत. देखरेखीला खुद्द केसोबालाच नेमलं.

केसोबा आधी पठारावर गेला. तिथले लोक द्राक्षं लवकर तोडत आणि रांजण गळ्यापर्यंत जमिनीत पुरून गार ठेवत. केसोबाला तो आळशीपणा वाटला. त्याने रांजण फोडायला लावले आणि द्राक्षं डोंगरासारखी उशिरापर्यंत वेलीवर ठेवली. उन्हाने ती इतकी गोड झाली, की आसव काकवीसारखं जड झालं. केसोबाने दोष वेलींना दिला. शंभर वर्षांचे वेल त्याच्या शब्दावर उपटले गेले. लोक बांधावर उभे राहून बघत होते.

मग तो खोऱ्यात उतरला. तिथला मळा चांगुणा नावाच्या बाईचा होता. घड पाहून केसोबाने नाक मुरडलं. मणी सुरकुतले होते आणि त्यांच्यावर राखाडी बुरशी चढली होती. त्याने हा मळाही उपटायला सांगितला.

चांगुणा रडली नाही, भांडलीही नाही. तिने फक्त आठ दिवसांची मुदत मागितली आणि तोवर इथेच राहा म्हणाली. बाईचा शांतपणा पाहून केसोबा थांबला.

रोज सकाळी नदीवरून धुकं चढे. इतकं दाट, की स्वतःचा हातही दिसू नये. दुपारी ऊन पडे आणि मळा कोरडा होई. धुक्यात बुरशी वाढे, उन्हात मण्यातलं पाणी उडून जाई. रस आटत आटत दाट होई. चांगुणा रोज मळ्यात फिरून नेमके तयार झालेले मणी एकेक करून वेची. दिवसभराच्या कष्टाने जेमतेम एक परडी भरे.

आठव्या दिवशी तिने गवताच्या गंजीखालून एक रांजण काढला. फर्मानाआधीचा होता तो. लपवल्याबद्दल तिला शिक्षा झाली असती, आणि ते तिला ठाऊक होतं. तिने वाटी भरून केसोबाच्या हातात दिली.

त्याने घोट घेतला. आधी मध, मग केशर, मग ओल्या मातीचा वास. जिभेवरची चव सरेना. ज्याला तो सडकं म्हणाला होता, त्यातून हे आलं होतं. त्याचे डोळे भरून आले. त्याने विचारलं, “बाई, हे तुम्हाला कुणी शिकवलं?”

“धुक्यानं,” चांगुणा म्हणाली. “आम्ही नुसते त्याच्या कलानं वागतो. तुमच्या डोंगरावर हे थंडीनं केलं असेल.”

आजवर केसोबाला वाटत होतं, डोंगरावरचं आसव आपल्या हातांनी केलं. द्राक्षं सावकाश पिकवणाऱ्या थंडीची त्याला कधी आठवणही झाली नव्हती.

तो वाटी घेऊन राजाकडे गेला. चांगुणाचा मळा न उपटता आपण फर्मान मोडल्याचं त्याने स्वतःच सांगितलं. राजा संतापला, पण चाखल्यावर त्याचा राग उतरला. त्याने विचारलं, यातलं श्रेष्ठ कोणतं, हे की डोंगरावरचं?

“महाराज, ते मला सांगता येणार नाही,” केसोबा म्हणाला. “पण पठारावरचं मी कायमचं हरवून बसलो असेन, याची मला भीती वाटते.”

राजाने फर्मान मागे घेतलं. केसोबा मात्र डोंगरावर परतला नाही. पठारावर जाऊन त्याने लोकांची क्षमा मागितली आणि त्यांच्याच हाताखाली नवे वेल लावले. तो म्हातारा झाला तेव्हा त्या वेलींना चांगले घड धरू लागले. जुन्या वेलींची चव मात्र त्यांना आली नाही. त्यासाठी अजून शंभर वर्षं हवी होती.

तात्पर्य : जिथली हवा आणि माती ओळखून माणसाचा हात चालतो, तिथेच त्याच्या कसबाला चव येते.